पडद्यावरचे माझे हात

माझ्या धाकट्या जावेच्या आयुष्यावर सिनेमा निघाला आणि त्यात मी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं जळफळाटातून आलंय हे कुणी शोधत बसायला नको.

दीर गेले तेव्हा तिची पोरगी रांगत होती. पुढं ती शिकली, पहाटे उठून धावली, परीक्षेत आपटली, पुन्हा बसली आणि फौजदार झाली. यात खोटं काही नाही. पण ती क्लासला बाभुळगावला जायची तेव्हा घर आणि वावर कोण बघत होतं? सिनेमात पोरगी झाडाला बांधलेल्या झोळीत झोपते, आई एकटी कापूस वेचते, एकटी अभ्यास करते. खरी पोरगी माझ्या पाठीवर असायची. दिग्दर्शकाला विचारलं, तर म्हणाला, "ताई, जाऊ घेतली की गोष्टीत गर्दी होते."

म्हणजे मी गर्दी!

शूटिंग मात्र आमच्याच वावरात. बोंडांच्या वाळक्या टोकांनी नायिकेची बोटं सोलली, तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. फक्त हात हवे होते, तोंड नको. मी नायिकेसारखं लुगडं नेसले, कमरेला ओटी बांधली. त्या हंगामात वेचणी अजून सुरू व्हायची होती. कॅमेरा विसरून मी पहिल्या बोंडातला कापूस ओटीत टाकायच्या ऐवजी त्याच झाडाच्या फांदीला गुंडाळला. पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादहीची पूजा असते, तेव्हा आम्ही दहीभात ठेवून तसंच करतो. हातांना तेच ठाऊक. मला वाटलं, आता ओरडा बसणार. दिग्दर्शक खूश! म्हणाला, हे ठेवायचंच.

यवतमाळच्या थिएटरात सगळं गाव लोटलं. मला यायचं नव्हतं, पण धाकटी दारात येऊन बसली. "बाई, तुमी नाई आल्या त मीबी नाई जात." गेले मुकाट्यानं.

पडद्यावर ते हात आले, फांदीला कापूस गुंडाळू लागले. मागं एक बाई हुंदके देत म्हणाली, "काय सोसलं असंन वं फौजदारीनबाईनं!" मला वळून सांगावंसं वाटलं, रडायचंच तर माझ्या नावानं रड.

सिनेमा संपला. धाकटीला स्टेजवर नेलं. एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही फांदीला कापूस गुंडाळता, ते कुणाकडून शिकलात?" मी धाकटीकडं पाहिलं. आता ही काय सांगते?

धाकटीनं माझ्याकडं बोट केलं. "मले काय विचारता? ते हात माह्या जावेचे होय. माही पोरगी त्याच हातांनी वाढली."

सगळं थिएटर माझ्याकडं वळलं, क्षणभरच. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. मागची ती बाई डोळे पुसत म्हणाली, "पाहा नं, केवढं मोठं मन हाये फौजदारीनबाईचं!"

मीही टाळ्या वाजवल्या. त्याच हातांनी.