रंध्यावरची दोन नावं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

अख्खी नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, टूलरूममध्ये गेली. निवृत्तीनंतर नाद एकच — उल्हासनगर कॅम्प दोनच्या भंगारवाल्यांकडे जुनी हत्यारं उपसायची आणि त्यांचं वय काढायचं. मुठीचं लाकूड, स्क्रूची खाच, पितळी चाकाचा आकार — हातात घेतलं की सांगायचो. सिंधी दुकानदार हाक मारायचे, "साईं, जरा ये देखो तो." डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं?

दत्तू माझा मित्र, जांभूळ गावचा, माझ्याच कंपनीतला. त्याच्याकडे वडलांचा लोखंडी रंधा होता. वडील इंग्रजांच्या काळात एका कारखान्यात सुतार होते. साहेबाने मायदेशी जाताना आपला स्वतःचा रंधा त्यांना दिला, असं ते सांगायचे. भावकी म्हणायची, दिला कसला, ढापला! म्हातारा चोर म्हणवून घेतच मेला. दत्तू दर खंडेनवमीला तो रंधा पूजेत सगळ्यांत वर मांडायचा.

अशाच एका खंडेनवमीला आम्ही जुने कामगार त्याच्याकडे जमलो होतो. तिथल्या एका हातड्रिलचं वय मी ऐटीत सांगितलं — इंग्रजी अमदानीतलं. दत्तू म्हणाला, "काय भाऊ! आपल्या ट्रेनिंगच्या टायमाचा हाय ह्यो. ह्याचा दात मीच बदललाय." सगळे हसले. मीही हसलो. आतून मात्र जळून खाक झालो होतो — एवढ्याशा गोष्टीने? हो, एवढ्याशाच.

मग त्याने रंधा माझ्या हातात दिला. "आता ह्याचा सांग. खरा हाय ना?"

वर्षानुवर्षांच्या तेल-कुंकवाचा थर होता. मी नखाने खरवडला — आणि खाली अक्षरं दिसली. आमच्या धंद्यात हत्यारावर मालकाचं नाव ठोकलेलं असतं. चोर जुनं नाव घासून काढतो. ज्याला हत्यार मालकाने दिलंय, तो जुन्या नावावर छिन्नीची एकच रेघ मारतो आणि खाली आपलं ठोकतो. इथे साहेबाची आद्याक्षरं होती, त्यांवर एक सरळ रेघ, आणि खाली दत्तूच्या वडलांचं नाव. म्हातारा अक्षर न् अक्षर खरं बोलला होता.

मी त्यावर अंगठा ठेवला.

"डुप्लिकेट आहे," मी म्हणालो. "साहेब लोक गेल्यानंतरचा माल."

दत्तूचा चेहरा पडलेला बघून मला बरं वाटलं — खरंच सांगतो, गार वाटलं. तेवढ्यावर थांबलो असतो, तर? नाही थांबलो. म्हणालो, "ग्राइंडरवर घासून घे, रंग मार. शोभेला बरा दिसेल."

माझ्या शब्दावर त्याने तो घासून घेतला. दोन्ही नावं गेली. ती जाणार हे मला ठाऊक नव्हतं का? त्यासाठीच तर सांगितलं होतं.

पुढच्या खंडेनवमीला रंधा पूजेत नव्हता. दत्तूच आता भावकीत म्हणायला लागला, "आमचा म्हातारा खोटारडा व्हता." वर्षानुवर्षं मी हे ऐकलं, आणि दर वेळी वर माझंच कौतुक करून घेतलं — भाऊंचं कधी चुकत नाही म्हणून.

यंदा दत्तू गेला. दहाव्याला त्याच्या मुलाने मला बाजूला बसवलं. "काका, बाबा शेवटी सारखं आजोबांचंच बोलत होते. म्हणायचे, खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. एकदा नक्की सांगा — तो रंधा डुप्लिकेटच होता ना?"

भावकीतले चारजण कान देऊन बसले होते. खरं काय ते जाणणारा जगात मी एकटाच होतो.

"हो," मी म्हणालो. "तेव्हाच सांगितलं होतं मी."

त्याने मान हलवली आणि माझ्यासाठी चहा आणायला सांगितला. मी तो प्यायलो.