मेहुण्यांच्या मांजरीची हनुवटी

सर्व संबंधितांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मौजे पिंपळवंडी, तालुका जुन्नर येथे माझ्या थोरल्या मेहुण्यांच्या मांजरीच्या हनुवटीवर मुरुमं आली, ती चिघळली, आणि या प्रकरणातला एकमेव आरोपी मी आहे. आरोप मला मान्य आहे. बचावासाठी एवढंच सांगतो, की माझे मेहुणे इतके सज्जन नसते, तर एवढा मोठा गुन्हा माझ्यासारख्या सामान्य माणसाच्या हातून होणं शक्य नव्हतं.

जावयाचा मान ठेवण्यात माझ्या मेहुण्यांच्या तोडीचा माणूस जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके चाळले तरी सापडायचा नाही. मी उभा असेन तर ते बसत नाहीत. मी बसलो तर माझ्या खुर्चीपेक्षा बुटकी वस्तू शोधून तिच्यावर बसतात. एकदा मी सतरंजीवर मांडी घातली, तर बिचारे पायरी उतरून अंगणात जाऊन बसले आणि तिथून माझ्याशी ओरडून बोलत राहिले. माझा शब्द तर खाली पडायची सोयच नाही. मी मंचरला शाळेत इतिहास शिकवतो. शेतीला पाणी लागतं, यापलीकडे मला त्यातलं काही कळत नाही. तरी एकदा चहा पिता पिता, काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेलो, "भाऊ, हा पेरू विहिरीजवळ असता तर जास्त लागला असता." पुढच्या खेपेला पाहतो तो दहा वर्षांचा पेरू मुळासकट विहिरीजवळ गेलेला, आणि त्याचं सरपण झालेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेहुणे मात्र अभिमानानं म्हणाले, "वाळला, पण दाजींनी सांगितल्या जागी वाळला!"

माणूस जातीचा द्राक्षबागाईतदार. पानावरचे रोग बघायचं भिंग बारा महिने गळ्यात, आणि दिसेल ती वस्तू पानासारखी उलटून बघायची खोड. माझं टक्कलसुद्धा त्यांनी एकदा त्या भिंगातून निरखलं आणि अत्यंत आदरानं निदान केलं, "जमीन चांगली हाय दाजी, फकस्त पोटॅश कमी पडतंय." त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला. नातू झाला तेव्हा वहिनी त्याला सांभाळायला म्हणून गेल्या, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात मेहुणे आणि मांजर. "उंदरांसाठी ठेवलीय, दुसरं काय न्हाई," असं ते येईल त्याला, न विचारता सांगतात. प्रत्यक्षात ती मांजर उंदीर दिसला की पाहुणा आल्यासारखी उठून त्याला जागा करून देते. दुधावरची साय तिची, उन्हातली बाज तिची. तिला नाव नाही. "मांजराला कुटं नाव ठेवत्यात व्हय?" म्हणतात. पण जेवायच्या वेळी चुलीपाशी बसून "अगं, ऐकलंस का?" म्हणून हाक मारतात आणि ती येते. तिनं पहिला घास घेतल्याशिवाय ते स्वतःचा मोडत नाहीत.

दिवाळीनंतर तिच्या हनुवटीवर मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके दिसू लागले. मेहुण्यांनी तिला मांडीवर उताणी घेतली, भिंग लावलं आणि म्हणाले, "पिसवा न्हाईत दाजी. मळबी न्हाई, पुसून निघत न्हाई. मला वाटतंय, डॉक्टरला दावावं." निदान बिनचूक होतं. तिथं कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "डॉक्टर कशाला? खोबरेल तेलात हळद कालवा आणि चोळा. रोज तीन वेळा." मेहुणे गप्प झाले. ते गप्प बसणं मी कौतुक समजलो. "तुमी म्हणताय म्हंजे..." एवढंच ते पुटपुटले.

पंधरा दिवस चोळणं चाललं. मी फोन करून विचारायचो, "कशी आहे?" ते म्हणायचे, "तुमच्याच औषधावर हाय." बरी आहे, असं ते एकदाही म्हणाले नव्हते, हे इतिहासाच्या अभ्यासकाच्या लक्षात यायला हवं होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर गेलो तर हनुवटी पिवळीधमक, सुजलेली. माझ्या तारुण्याला मुरुमांचा दांडगा अनुभव. त्या जोरावर मी एक फोड नखांनी दाबला आणि वर हळद-तेल थापलं. मांजर किंचाळली. मेहुणे मान फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. भरल्या वाटीत दूध तसंच होतं. दोन दिवस तिनं तोंडाला काही लावलं नव्हतं, आणि शेजारी मेहुण्यांची भाकरीही कालपासून झाकलेलीच होती. ते हात जोडून म्हणाले, "दाजी, तुमची परवानगी आसंल... तर डॉक्टरला दावू का?"

जमिनीनं दुभंगून माणसाला पोटात घ्यायचं असेल, तर ती वेळ हीच होती. टोमॅटोच्या दोन क्रेट एकावर एक उलट्या ठेवून सुतळीनं बांधल्या, आत मांजर, आणि आम्ही मंचरला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघालो. वाटेत दर दोन मिनिटांनी मेहुणे क्रेटच्या भोकातून बोट घालून म्हणत होते, "हायेस ना गं?"

डॉक्टरीणबाई तरुण आणि कडक. त्यांनी हनुवटी पाहिली. "इथल्या बारीक छिद्रांत अंगातलं तेल साचून ती बुजतात. त्यावर आणखी तेल कोणी लावलं? आणि हे दाबलं कोणी?"

मी छताकडे पाहिलं. मेहुणे ताबडतोब म्हणाले, "मीच. अडाणी माणूस म्या."

बाईंनी त्यांचे स्वच्छ हात पाहिले. मग माझी पिवळी बोटं पाहिली. मी हात खिशात घातले. खिशात माझ्या मुलीचं मुरुमांचं मलम होतं, पुढचा उपाय म्हणून आणलेलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "माणसांची मलमं तर अजिबात लावायची नाहीत, ती चाटून पोटात जातात." मी मलम मुठीत गच्च दाबून धरलं. "खाते कशात?" "प्लास्टिकच्या वाटीत." "ती टाका. प्लास्टिकला चरे पडतात, त्यात घाण बसते. स्टीलची उथळ ताटली ठेवा, रोज धुवा. खाऊन झालं की हनुवटी पुसून कोरडी करा. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं दोनदा शेका, हे औषध लावा, गोळ्या द्या. दाबायचं नाही." ती गुलाबी वाटी भाऊबिजेला मीच नेली होती, हे तिथं सांगायची गरज मला वाटली नाही.

चौथ्या दिवशी ऐन तासाला फोन आला. "दाजी, जेवली!" पलीकडे भाकरी चावल्याचा आवाज येत होता.

महिन्यानं गेलो. हनुवटी साफ, थोडे केस यायचे राहिलेले. मांजर स्टीलच्या ताटलीत जेवली. मेहुण्यांनी ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं, मग कोरड्यानं, आणि भिंगातून तपासून तिला सोडलं. दोन तास आम्ही बोललो. म्हणजे ते बोलत होते. नातवाचे दात, द्राक्षाची छाटणी, वहिनींचा फोन. ऊन उतरल्यावर मी गाडीपाशी आलो. जावई म्हटल्यावर जाताना काहीतरी द्यावं लागतं. मी म्हणालो, "भाऊ, मी काय म्हणतो, केस लवकर यायला तिला जरा..."

वीस वर्षांत पहिल्यांदा मेहुण्यांनी माझं बोलणं तोडलं. स्वतःच्याच आवाजानं दचकले, भिंग मुठीत धरलं, आणि पुढचं एका दमात बोलून गेले:

"दाजी, तोंड बंद ठिवा! औषध सांगू नका, काय बी सांगू नका... पर येत जावा राव. हितं आमी दोघंच आसतो, आन् तिला कुटं बोलता येतंय?"