देवानं नाही म्हटल्यावर

सुमंगला जगली, हीच तिची चूक. असं तिच्या तोंडावर कुणी म्हणालं नाही. पण मांद्र्यातल्या तिच्या वाड्यावर ती दारात दिसली की माणसं बोलता बोलता गप्प व्हायची आणि चपला बघत पुढं जायची, त्याचा अर्थ दुसरा काय काढायचा?

बाई छत्तीस वर्षांची. नवऱ्याला दारूनं चार वर्षांपूर्वी नेलं. त्यानं मागं ठेवल्या दोन खोल्या आणि गौरवी नावाची एक मुलगी. किनाऱ्याजवळच्या एका गेस्टहाऊसमध्ये सुमंगला खोल्या झाडायची, चादरी धुवायची आणि स्कूटरवरून मुलीला शाळेत सोडायची. कुणाचं ऐकून घ्यायची नाही. गेल्या दिवाळीच्या तोंडावर चादर पिळता पिळता तिच्या डोक्यातली नस फुटली आणि ती कपडे धुवायच्या धोंडीवरच आडवी झाली.

मोठ्या हॉस्पिटलात ती अकरा दिवस यंत्रावर होती. डॉक्टर रोज एकच सांगायचे, आत्ताच काही सांगता येत नाही. तिचा भाऊ बाबली सातार्ड्याहून आला होता. ट्रकवर ड्रायव्हर असलेला माणूस, त्याला 'हो' कळायचं, 'नाही' कळायचं, 'सांगता येत नाही' हे काही पचेना. सातव्या दिवशी तो उठला आणि वाड्यावरच्या देवळात कौल लावायला गेला. बरोबर दहा वर्षांच्या गौरवीला नेलं, कारण गाऱ्हाणं जवळच्या माणसासमोर घालावं म्हणे.

सगुण गुरवानं दगडी मूर्तीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्यानं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा, ह्या लेकराची आवय जगतली तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी."

डावी पडली. गौरवीनं ती पडताना बघितली.

मग मात्र सगळ्यांच्या हातापायांत बळ आलं. वाट बघण्यात माणूस खचतो, निकाल लागला की कामाला लागतो. बाबलीनं स्कूटर सातार्ड्याला नेली. साड्या वाटल्या गेल्या, त्यातली मोरपंखी कुणाकडे गेली हे सुमंगलाला पुढं रस्त्यातच दिसलं. गेस्टहाऊसमध्ये दुसरी बाई लागली. नवऱ्याची मोठी बहीण कमलाक्षी डिचोलीहून आली, तिनं गौरवीला पोटाशी धरून मनसोक्त रडू दिलं आणि घरी नेऊन तिथल्या शाळेत घातलं. बाबलीनं तर बहिणीचा फोटोसुद्धा मोठा करून फ्रेम करून आणला. म्हणजे ऐनवेळी धावाधाव नको.

आणि बाराव्या दिवशी बाईनं डोळे उघडले.

दोन महिन्यांनी ती घरी आली तेव्हा उजवा पाय ओढत होता, उजव्या हाताची मूठ वळलेली ती उघडत नव्हती, आणि तोंड एका बाजूला उतरलं होतं. बाबलीनं तिला खुर्चीत बसवलं, एक पोतं तांदूळ ठेवलं, शेजारणीला दोन वेळच्या जेवणाचं सांगितलं आणि स्कूटरचा विषय निघायच्या आत तो ड्युटीवर गेला.

फोटो तिला कपाटामागं सापडला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो चतुर्थीतला होता. त्यात गौरवी तिच्या पाठीशी उभी होती, तिला कापून टाकलं होतं. पण मुलीची चार बोटं आईच्या खांद्यावर राहून गेली होती, ती काही फोटोवाल्याला काढता आली नव्हती. सुमंगलाला इतका संताप आला की तिनं डाव्या हातानं फ्रेम आपटायला उचलली. मग आपटली नाही. तिनं ती खुर्चीसमोर टेकवून ठेवली आणि रोज सकाळी त्या तोंडाकडे बघत आपलं तोंड सरळ करायला लागली.

गौरवीला परत आणायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. फोन केला की कमलाक्षी उचलायची.

"सुमंगला, तुज्यावर माजो राग नाय. पण देवाचो शब्द अजून उभो आसा. तो आज ना फाल्यां खरो जातलो. तेवा पोर तुज्याकडे नाका."

म्हणजे बाईनं आधी देवाचं म्हणणं खरं करून दाखवायचं, मग मुलीचं बघू. आणि ही कमलाक्षी काही दुष्ट नव्हती. मुलीला दूध-अंडी घालत होती, नवे कपडे शिवत होती. दुष्ट असती तर सोपं गेलं असतं.

सुमंगला काठी टेकत सगुण गुरवाकडे गेली. म्हणाली, परत कौल लाव. तिचे शब्द अजून जड येत होते, ते त्याला कळले. पण न कळल्यासारखं करून त्यानं तिला तीनदा बोलायला लावलं.

"एकच प्रश्न देवाक दोनदां विचारूक नाय, बाये," तो म्हणाला. "देव काय बहिरो आसा?"

त्याचं तरी काय चुकलं? ती जितकी चालायला लागली तितका तो खोटा पडत होता. लोक त्याच्याकडे कौल लावायला येताना हल्ली विचार करत होते.

परत येऊन तिनं दाराची पायरी धरली. बसची पायरी गुडघ्याएवढी उंच असते आणि मिनीबसवाला कुणासाठी थांबत नाही, हे तिला माहीत होतं. सकाळी वीसदा, संध्याकाळी वीसदा ती त्या पायरीवर चढली, उतरली. दोनदा पडली. एकदा ओठ फुटला. शेजारीण जेवणाचा डबा घेऊन आली, तर डबा ठेवून तशीच गेली.

मार्चच्या एका रविवारी ती निघाली. तिकिटाची नोट तिनं डाव्या हातानं उजव्या मुठीत कोंबली, कारण काठी धरल्यावर पिशवी उघडायला हात उरत नव्हता. म्हापशापर्यंतच्या कंडक्टरनं ती नोट दोन बोटांनी ओढून काढली आणि बोटं पँटला पुसली. म्हापशाला तिनं दुसरी नोट कोंबली आणि डिचोलीची बस धरली. डिचोलीला उतरल्यावर परतीसाठी तिसरी कोंबली.

कमलाक्षीनं तिला पाणी दिलं, खुर्ची दिली. गौरवी आतल्या दारात उभी होती, दोन घट्ट वेण्या, कडक इस्त्रीचा फ्रॉक. पुढं आली नाही.

"एका हातान तिची वेणी कशी घालतलंस?" कमलाक्षीनं विचारलं.

"केस कापतलंय," सुमंगला म्हणाली. आणि मुलीला म्हणाली, "चल."

गौरवी हलली नाही. तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं, मुठीकडे बघितलं, मग खाली बघत सांगितलं. घोकून ठेवल्यासारखं नव्हतं ते. तिला खरंच तसं वाटत होतं.

"आई, तुज्यासाठी माजां रडान झालां. परत रडूक माका जमाचां नाय."

कमलाक्षीनं पदर डोळ्यांना लावला. सुमंगला मुलीला जवळ घेऊन समजावू शकली असती, पण तेवढे शब्द तिच्या जिभेवर वळत नव्हते. आणि वळले असते तरी ती बाई समजावणाऱ्यातली नव्हतीच.

"जमात," ती म्हणाली. "परत रड. दोनदां रडल्यान कोण मरणा नाय."

तिनं काठी तिथंच टाकली आणि डाव्या हातानं मुलीचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की पोरीला दुखलं आणि ती खरंच रडायला लागली. कमलाक्षी फाटकापर्यंत ओरडत आली, शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. फ्रॉकची एक बाही उसवली. काठी नसल्यानं सुमंगला सगळा भार त्या लहान मनगटावर टाकून चालत होती आणि पोर रडता रडता तो भार पेलत होती. स्टँडवर म्हापशाची बस लागलेलीच होती. पायरी ती पहिल्या झटक्यात चढली.

बसमधल्या सगळ्या माना वळल्या. गौरवी हमसून हमसून रडत होती, नाकातोंडातून पाणी, मधेच खोकला. एका म्हातारीनं सुमंगलाला चार शब्द सुनावले. तिनं मुलीचं मनगट सोडलं नाही.

कंडक्टर येऊन उभा राहिला. सुमंगलानं उजवी मूठ पुढं केली. परतीसाठी कोंबलेली नोट तिच्यात होती, पण मूठ उघडेना. कंडक्टर वैतागून थांबला.

गौरवी अजून रडतच होती. तिनं आपला मोकळा हात पुढं केला आणि आईचं एक एक बोट उलगडून नोट काढून दिली.