सही न झालेला निकाल

कोर्टात त्यांना सगळे स्टेनोबाई म्हणत. न्यायाधीश साहेब बोलणार आणि बाई टाइप करणार, हे एकवीस वर्षं चाललं. साहेब बदलत, बाई तिथेच. वाक्यात क्रियापद राहिलं तर त्या नुसत्या खाकरत आणि साहेब हसून वाक्य पुरं करत.

त्या वर्षी शाळेची भिंत पडून सात वर्षांची मुलगी गेल्याचा खटला उभा राहिला. भिंत बांधणारा ठेकेदार मंत्र्यांचा साडू. मुलीची आई प्रत्येक तारखेला येई आणि बाहेरच्या बाकावर अंग चोरून बसे. साहेबांनी साक्षी ऐकल्या, सिमेंटचा तपासणी अहवाल तीनदा वाचला आणि दोन दुपारी बसून बाईंना निकाल सांगितला. ठेकेदार दोषी. सोमवारी निकाल भर कोर्टात वाचायचा होता.

शुक्रवारी साहेबांना फोन आला. बाई समोरच होत्या.

"सोमवारचं मी फाइल बघून ठरवलंय," साहेब म्हणाले. "फोनवर नाही ठरवत." आणि फोन ठेवला.

शनिवारी बदलीचा हुकूम आला. लगेच पदभार सोडायचा होता. साहेब पुस्तकं बांधत होते.

"साहेब, निकाल तयार आहे की! मी टाइप केलाय."

"फाडून टाका, बाई. वाचला नाही, सही नाही, तर तो निकाल नव्हे."

"पण खरं आहे ना त्यात?"

"आहे. पण उद्या कोणीही खिशातून असा कागद काढेल आणि म्हणेल, हाच निकाल." त्यांनी पुस्तकांची दोरी आवळली. "माझा शब्द मी या खुर्चीत आहे तोवरच. त्यांनी खुर्चीच काढून घेतली."

बाईंनी स्वतःच्या हातांनी एकेक पान फाडलं.

नव्या साहेबांनी दोन्ही वकिलांना पुन्हा ऐकलं, अर्ध्या तासात उरकलं आणि निकाल सांगितला: पुराव्याअभावी निर्दोष. तपासणी अहवालाचा त्यात उल्लेखही नव्हता. बाई खाकरल्या.

"पाणी हवंय का?" साहेबांनी विचारलं.

"नको, साहेब." आणि त्या टाइप करत राहिल्या.

बाहेर मुलीच्या आईनं त्यांचा पदर धरला. "ताई, तुम्ही आत असता. आधीच्या साहेबांना काय वाटलं होतं हो?"

बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण चेंबरमधलं बाहेर बोलायचं नाही, हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. "वरच्या कोर्टात अपील करता येतं," एवढंच त्या म्हणाल्या. "सरकारी वकिलांना भेटा. निकालाची नक्कल आजच मिळवून देते."

"तिथले साहेब तरी जागेवर राहतील ना?"

बाई नक्कल आणायला आत गेल्या.

अपील दाखल झालं आणि तारखा पडत राहिल्या. चार वर्षांनी बाई निवृत्त झाल्या, तेव्हाही ते तसंच होतं. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी आग्रह केला, चार शब्द बोला. बाई उभ्या राहिल्या, तोंड उघडलं आणि हमसून रडू लागल्या. नोकरी सुटल्याचं दुःख असेल, असं समजून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.