नोआसाठी केलेला मलिदा

"ताट चकाकतंय," डायरेक्टर म्हणाला. "मार त्याच्यावर."

मी डबा हलवला आणि फवारा मारला. बायका केसांना मारतात तो लॅकर. पितळेवर दिवा पडला की भिंगात नुसता पांढरा डाग दिसतो. लॅकर मारला की चकाकी मरते. ताट माझ्या आईचं होतं. ताटात मलिदा होता. भिजवलेले पोहे, खवलेलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने आमचे मराठी ज्यू लोक तो करतात, प्रार्थना म्हणतात आणि प्रत्येकाच्या हातावर घालतात. त्यातला दाणा सांडू देत नाहीत.

मी नेम धरून कडेवर मारला. तरी वेलचीवर लॅकरचा वास बसला.

"आणि म्हातारीला सांग, चष्मा काढ. हे लोक कुठे चष्मे लावतात?"

म्हातारी पन्नाशीची होती. वाळवंटातल्या डिमोना गावच्या कापडगिरणीत तुटलेले धागे शोधून शोधून तिचे डोळे गेले होते. मी तिला म्हणालो, "आई, काचेवर उजेड येतोय. जरा काढ."

"त्याच्याबिगर मला काय दिसनार?"

"काही बघायचं नाहीये. नुसतं बसायचंय."

तिने काढला आणि पदराखाली धरला. 'हे लोक' यात मी होतो की नव्हतो, हे मी तेव्हा ठरवलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. ठरवलं होतं. नव्हतो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. लष्करातली सक्तीची सेवा संपवून खनिजाच्या कारखान्यात पोती उचलत होतो. देशात नुकताच टेलिव्हिजन आला होता आणि तेल अवीवहून चारपाच जणांच्या टोळ्या एक व्हॅन, एक कॅमेरा घेऊन वाळवंटात यायच्या. एका टोळीला वायरी ओढायला माणूस हवा होता, मी गेलो. दुसऱ्या दिवशी कॅमेरामनने मला भिंगातून बघू दिलं. आमच्याच गल्लीतली दोरीवरची धुणी. रोज बघायचो ती. त्या चौकटीत ती पहिल्यांदा दिसली. वाऱ्याने एक चादर उचलली आणि मागे एक बाई उभी होती, स्वतःशीच हसत. मी डोळा काढेना. कॅमेरामनने मला खांद्याला धरून बाजूला केलं.

मग मला दुसरं काही सुचेना. काळ्या पिशवीत हात घालून, न बघता, बोटांनी फिल्म भरायला शिकलो. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या डब्यावर सराव करायचो. ते मला 'होदी' म्हणायचे, म्हणजे हिंदुस्थानी. नावाने कोणी हाक मारली नाही. "होदी, तुझी पिसं कुठे?" असं, सिनेमातल्या रेड इंडियनांवरून, विचारून हसायचे. मीही हसायचो. भिंगापाशी उभं राहू देतात ना, मग म्हणू देत.

असं वर्षभर चाललं. मग डायरेक्टरला 'वाळवंटातले हिंदुस्थानी' यांच्यावर सिनेमा करायचा होता. त्याने मला विचारलं, तुमच्यात काही विधी असतो का, दिसायला चांगला? मी आपणहून सांगितलं. मलिदा. माझी आई करील.

आई नाही म्हणाली.

"मलिदा काय खेल हाय काय? नवस असंल तर करतात. काय चांगलं झालं तर करतात. फोटोसाठी एलियाहूचं नाव घेऊ?"

मी दोन दिवस मागे लागलो. ती हलेना. तिसऱ्या दिवशी डायरेक्टर म्हणाला, "जमत नसेल तर सांग. दुसरा होदी शोधतो." त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं की डायरेक्टरची मुलगी आजारी आहे. फार आजारी. त्याने नवस बोललाय, पण त्याला विधी येत नाही, म्हणून आपल्याकडे करायचाय.

आईचा चेहरा लगेच बदलला. "मग आधी नाय का सांगायचं? पोरीचं नाव काय?"

"नोआ."

"आनि आईचं? आजाऱ्यासाठी मागायचं तर आईचं नाव लागतं."

"रूथ," मी म्हणालो. दोन्ही नावं मी तिथल्या तिथे बनवली.

मुंबईहून मावशीने पाठवलेले पोहे तिने सणासाठी जपून ठेवले होते. ते काढले. उपास धरला. शेजारच्या मोसेसकाकांना प्रार्थना म्हणायला बोलावलं, ते नवी टोपी घालून आले.

आणि मी त्या ताटावर लॅकर मारला.

प्रार्थना झाली. आईने ताटावर हात धरला आणि पुटपुटली. फळांमागे आम्ही माइक लपवला होता. "पुन्हा," डायरेक्टर म्हणाला. "जरा दुःखी दिसू दे." आई म्हणाली, देवाकडे एकदा मागून झालंय. मी सांगितलं, मशीन बिघडलं होतं. तिने पुन्हा मागितलं. बाजूच्या खोलीत दोघं तोंड दाबून हसत होते. कॅमेरामन हसला नाही. पण त्याने कॅमेरा चालूच ठेवला.

मग आईने पहिली मूठ डायरेक्टरच्या हातावर घातली. मुलगी त्याची ना. तो हिब्रूत आपल्या माणसांना झटकन म्हणाला, "खाऊ नका, त्यावर लॅकर आहे," आणि मूठ कागदात गुंडाळून सिगरेटच्या रक्षापात्रात ठेवली. "घरी नेतोय, मुलीला," चष्म्याशिवाय बसलेल्या आईला मी सांगितलं. मोसेसकाकांनी खाल्लं. आईने खाल्लं. मीही खाल्लं. कडू लागलं.

आई डायरेक्टरकडे वळली आणि मोडक्या हिब्रूत म्हणाली, "माफ करा. नारळ खवट निघाला."

इथे मी बोलायला हवं होतं. वायरी गुंडाळायला लागलो.

दोन महिन्यांनी तेल अवीवमध्ये मला आवाजाच्या टेपा ऐकायला बसवलं. मराठी दुसऱ्या कोणाला येत नव्हती. कानावर यंत्र लावलं आणि आईचं पुटपुटणं ऐकलं. "रूथची लेक नोआ, तिला उठव. आनि माज्या पोराला या मानसांत मान दे."

डायरेक्टर मागे उभा होता. "काय म्हणते?"

"तुमच्या मुलीसाठी मागते."

"मला मुलगी नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलून हसला. "हे तर सोनं आहे. निवेदनात टाकू. नसलेल्या मुलीसाठी प्रार्थना करणारी बाई. लोक पोट धरून हसतील."

मी टेप मशीनवरून काढली. खिशात घातली.

"ठेव ती."

"नाही."

"होदी, पुन्हा तुला कोणी व्हॅनमध्ये घेणार नाही."

"माझं नाव होदी नाही," मी म्हणालो, आणि जिना उतरलो.

बराच काळ खरंच कोणी घेतलं नाही. सिनेमा दाखवला गेला. आईच्या हलत्या ओठांवर, आवाजाच्या जागी, त्यांनी बासरी वाजवली. ती बासरी आमची नव्हती. आईने शेजाऱ्यांकडे बसून पाहिला. म्हणाली, "मी काय बोल्ते ते ऐकूच नाय आलं."

'नाही' मी डायरेक्टरला म्हणालो, त्याची फुशारकी मी मित्रांत पुष्कळ मारली. आईला काहीच सांगितलं नाही. आज माझ्याकडे स्वतःचा कॅमेरा आहे, माझं छोटं युनिट आहे. सणाला घरी जातो. ती विचारते, नोआ कशी हाय? मी म्हणतो, बरी आहे. गेल्या वर्षी म्हणाली, आता लगीन झालं असंल. मी म्हणालो, हो. तिने हात जोडले. तिच्या श्रद्धेवर मी रोज लॅकर मारतो आहे. त्या माणसाने एकदा मारायला लावला, पुढचा सगळा मी आपल्या हाताने मारला.

त्याला मी माफ करणार नाही. तो म्हातारा झालाय, त्याला बक्षिसं मिळतात, मुलाखतीत तो आमच्यावरच्या प्रेमाबद्दल बोलतो. बोलू दे. त्याचं नाव घेऊन मी जिथे जमेल तिथे हे सांगणार आहे. पण आईच्या आधी दुसऱ्या कोणाला नाही.

या आठवड्यात जाणार आहे. मोसेसकाका अजून आहेत, त्यांनाही बसवणार. नोआ नव्हती, हे दोघांच्या तोंडावर सांगणार. आई हाकलून देईल, तर पायरीवर बसणार. हे लिहिताना डोक्यात चौकट आखून झाली आहे: उजेड खिडकीतून, तिचा चेहरा जवळून. धंद्याने लावलेली खोड. कॅमेरा नेणार नाही.