बाकावर राहिलेली बॅग

आमचे हे गेल्यानंतर आठ महिन्यांनी मी पहिल्यांदाच एकटी सेनगावला निघाले होते. सेनगावच्या थोडं पुढे यांच्या मोठ्या बहिणीचं गाव. त्यांना आम्ही दोघंही आक्काच म्हणत आलो. गेल्या दोन हिवाळ्यांपासून आक्कांना दम लागायचा आणि डॉक्टरांनी वाफेचं मशीन घ्यायला सांगितलं होतं. माझ्याकडे यांचं मशीन होतंच. शेवटची तीन वर्षं हे सकाळ-संध्याकाळ त्याचा मास्क तोंडाला लावून बसायचे. हे गेल्यावर मी ते पुसून, जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवलं होतं आणि त्या कपाटाकडे बघायचं टाळत होते. आक्कांचा फोन आला तेव्हा बरं वाटलं. कुणाच्या तरी कामाला येईल.

मशीन यांच्या ऑफिसच्या काळ्या रेक्झिनच्या बॅगेत भरलं. त्या बॅगेची चेन निम्म्यावर येऊन अडायची. मशीनची वायर जाड, ती काही आत नीट बसेना. शेवटी तशीच बाहेर डोकावत ठेवली आणि रिक्षा करून हिंगोलीच्या स्टँडवर आले.

सव्वीस जानेवारी चार दिवसांवर आली होती. स्टँडवर दोन-तीन पोलीस जास्तीचे दिसत होते, पण ते दरवर्षीच असतात. सेनगावची गाडी लागायला अवकाश होता. मी बाकावर बसले, बॅग शेजारी ठेवली. थोड्या वेळानं आक्कांसाठी केळी घ्यावीत असं मनात आलं, म्हणून पर्स खांद्याला लावून उठले आणि बाहेर रस्त्यावर गेले.

बॅग विसरले असं म्हणता येईल. पण खरं सांगायचं तर ते विसरणं नव्हतं. लग्नाच्या छत्तीस वर्षांत प्रवासातली बॅग मी कधी सांभाळलीच नाही. माझ्याकडे पर्स आणि लेक लहान होती तोवर लेक. मी पाणी प्यायला उठले, फुलं घ्यायला उठले, तर हे म्हणायचे, "जा तू, मी आहे इथं." आणि खरंच बॅगेवर हात ठेवून बसून राहायचे. त्या दिवशी मी उठले ती तशीच उठले. बॅगेपाशी कुणीतरी आहे असं धरूनच मी चालत गेले.

केळीवाल्याकडे गर्दी होती. तिथून पुढे औषधाच्या दुकानात गेले. आक्कांसाठी नवा मास्क घ्यायचा राहिला होता. तिथले दुकानदार यांची औषधं वर्षानुवर्षं देत आलेले, त्यांनी दोन शब्द विचारले. अर्धा तास गेला असेल. परत आले तर स्टँडच्या फाटकातून माणसं लोंढ्यानं बाहेर येत होती. शिट्ट्या वाजत होत्या. एक पोलीस ओरडत होता, "चला, चला, रस्त्याच्या पलीकडं व्हा, थांबू नका!" लाउडस्पीकरवरून सांगत होते की प्रवाशांनी स्टँड रिकामं करावं, घाबरून जाऊ नये. ते ऐकून माणसं आणखीच घाबरली. मला आत जायचं होतं, पण गर्दीनं मला उलटं फिरवलं. केळ्यांची पिशवी कुठंतरी हातातून सुटली.

तेवढ्यात एका बाईनं माझा हात धरला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. "मावशी, माझा हात सोडू नका, चेंगराल," ती म्हणाली. तिनं मला ओढतच रस्त्याच्या पलीकडे नेलं. एका हॉटेलाच्या पायरीवर आम्ही दोघी टेकलो. ती हट्टा गावची होती. लेक बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात, तिला डबा देऊन परत निघाली होती. हे सगळं तिनं दोन मिनिटांत सांगितलं, आणि बोलताना माझा हात तिनं मांडीवर तसाच धरून ठेवला.

"काय झालंय आत?" मी विचारलं.

"बेवारस बॅग हाये म्हणे. बाम असंल."

"बॉम्ब? इथं?"

"आजकाल कुठं काय व्हईल, सांगता येतंय का?"

समोरच्या दुकानांची शटरं धडाधड खाली येऊ लागली. कुणी सांगत होतं, गाड्या नाक्यावरच अडवल्यात. कुणी म्हणालं, शाळेतल्या पोरांना वर्गातच बसवून ठेवलंय. एकानं दोन बॅगा आहेत म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं तीन. चहावाला छातीठोकपणे सांगत होता, "आतून टिकटिक आवाज येऊन राहिला, माझ्या कानानं ऐकलं." आणि हे सांगता सांगता तो सगळ्यांना चहा देत होता. मलाही त्यानं कप दिला. अनोळखी माणसं एकमेकांना गाव विचारत होती, घरी फोन लावून देत होती. मला चार जणांनी विचारलं, "तुमी कुठल्या, मावशी? संगं कोण हाये?"

मला त्या गर्दीत बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. आठ महिन्यांत घरी येणारी माणसं बसायची, उठायची, निघताना दारातून हात जोडायची. इतका वेळ हात धरून माझ्याजवळ कुणी बसलं नव्हतं.

मग एका तरुण माणसानं मोबाइल पुढे केला. पोलिसांनी माणसांना बाहेर काढायच्या आधी त्यानं फोटो घेतला होता. हट्ट्याची बाई वाकून बघू लागली, मीही वाकले. बाकावर काळी रेक्झिनची बॅग होती. चेन निम्मी उघडी. त्यातून जाड वायर बाहेर आलेली.

"वायर बघा ना, वायर," ती म्हणाली आणि माझा हात आणखी घट्ट दाबला.

अग्निशमनची गाडी आली, पोलिसांनी दोरी बांधली, गर्दीला आणखी मागं सारलं. तेवढा सगळा वेळ मी गप्प बसून होते. पोलिसांची भीती होतीच. पण तेवढंच नव्हतं. मी बोलले की हा हात सुटणार, हे मला कळत होतं. शेजारी एक आजोबा छातीवर हात दाबून बसले होते, सून त्यांना पदरानं वारा घालत होती. त्यांच्याकडे बघितलं आणि मग मात्र बसवेना.

"ती बॅग माझी आहे," मी म्हणाले.

"कोणती?"

"आतली. तीच."

बाईनं माझ्याकडे बघितलं. तिला आधी वाटलं मी भ्रमिष्टासारखं बोलतेय. मी पुन्हा सांगितलं. तिनं हात काढून घेतला.

"आन् इतका वेळ बोल्ल्या काहून न्हाई?"

मी उठले आणि दोरीकडे चालू लागले. मागं कुजबुज सुरू झाली, कुजबुजीचं मिनिटाभरात बोलणं झालं आणि मग आरडाओरडा.

दोरीपाशी एक फौजदार उभे होते. वयानं माझ्या लेकीएवढे. मी सांगितलं तसे ते एकदम माझ्यासमोर आले.

"काय आहे आत?"

"वाफेचं मशीन. दम्याचं. आमच्या यांचं."

"ते कुठं आहेत?"

"ते वारले."

त्यांनी वळून बाकाकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही बॅग सोडून किती वेळ बाहेर होतात?"

"अर्धा तास असेल."

"मग त्या अर्ध्या तासात कुणी आत काय ठेवलं, हे तुम्ही सांगू शकता?"

नव्हते सांगू शकत. "म्हणून तुमचं म्हणणं खरं असलं तरी आम्हाला तपासल्याशिवाय हात लावता येत नाही," ते म्हणाले. तपासणीचं पथक वसमतला कुठल्याशा मोठ्या माणसाच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला गेलं होतं. ते यायला दीड-दोन तास लागणार होते.

दोरीच्या आतल्या बाजूला, लिंबाच्या झाडाखाली त्यांनी मला प्लास्टिकची खुर्ची दिली. माझ्यासमोर सबंध रिकामं स्टँड. फलाटावर सुटलेल्या चपला, सांडलेला चिवडा, एका बाकावर कुणाचातरी उघडा डबा. आणि पलीकडे ती बॅग. पाठीमागे दोरी आणि दोरीमागे अख्खं गाव. वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

महिला पोलीस वही घेऊन आली. नाव, पत्ता, आधार कार्ड. मग म्हणाली, "ओळख पटवायला कुणाला तरी बोलवा."

पुण्याला लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ती कामाच्या वेळात फोन बाजूला ठेवते.

"गावातलं कुणी?"

शेजारचे शिरड शहापूरला लग्नाला गेले होते. मी मोबाइलमधली नावं वर-खाली करू लागले. सगळी यांच्या ओळखीची. एका ऑफिसातल्या मित्राला लावला, तो नंबर बंद झाला होता. दुसरे बदली होऊन कधीच गेलेले. तिसऱ्यांच्या सुनेनं फोन उचलला, ती मला ओळखतच नव्हती. सव्वीस वर्षं या गावात राहिले. गणपतीत, हळदीकुंकवात, ऑफिसच्या कार्यक्रमांत किती माणसांशी बोलले असेन. पण 'ही बाई अमुक आहे, ही खोटं बोलणार नाही' हे सांगायला धावत येईल असं एक माणूस मला आठवेना. महिला पोलीस पेन धरून थांबली होती. तिला घाई नव्हती, त्यानंच मला जास्त ओशाळल्यासारखं झालं.

शेवटी मी औषधाच्या दुकानाचा नंबर लावला. "ताई, दहा मिनिटांत येतो," दुकानदार म्हणाले, आणि दुकान नोकरावर टाकून खरंच आले. त्यांनी फौजदारांना सांगितलं, "साहेब, मशीन आमच्याच दुकानातलं आहे. आत्ता तासाभरापूर्वी यांनी त्याचाच मास्क नेलाय." मग ते माझ्या खुर्चीशेजारी उभे राहिले. माझ्याशी बोलायला त्यांच्याकडेही औषधांखेरीज काय होतं?

पथक आलं तेव्हा ऊन कडक झालं होतं. आधी कुत्रं नेलं. ते बॅगेभोवती फिरलं, हुंगलं आणि निवांत परत आलं. तरी एक माणूस जाडजूड पोशाख घालून, काचेचा टोप चढवून एकटाच हळूहळू बाकाकडे गेला. त्या माणसाच्याही घरी कुणीतरी असेल, आणि माझ्या बॅगेपायी तो एवढ्या जपून पाऊल टाकतोय, हे मला सोसवेना.

त्यानं बॅग उघडली. टॉवेल काढला, मशीन काढलं, नळी काढली आणि शेवटी यांचा मास्क. एकेक वस्तू फलाटाच्या फरशीवर मांडून ठेवली.

घरी पाहुणे आले की हे मशीन घेऊन आतल्या खोलीत जात. धाप लागलेली असली तरी बाहेरच्या माणसापुढे मास्क लावायचे नाहीत. "लोकांनी असं बघू नये," म्हणायचे. आणि आता तो मास्क उन्हात, उघड्यावर, गावासमोर पडला होता. दोन तास आवरून धरलं होतं ते तिथं आवरलं नाही. मी तोंडाला पदर लावला.

काही नाही म्हटल्यावर मागून आधी हसू फुटलं, मग शिव्या. "म्हातारीनं साऱ्या गावाला पळवलं!" एकाची दवाखान्याची वेळ गेली होती, एकाची कोर्टातली तारीख. त्यांचं चुकत नव्हतं. मी त्या हट्ट्याच्या बाईला शोधलं, ती गेली होती. फौजदारांनी जबाबावर सही घेतली आणि म्हणाले, "गुन्हा वगैरे काही नाही. पण मावशी, सामान सोडून जात जाऊ नका." आणि मग जरा खालच्या आवाजात, "घरी कुणी आहे का?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी महिला पोलिसाला मला घरी सोडायला सांगितलं, पण दुकानदारांनी स्कूटर काढली होती.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी हिंगोलीचा व्हिडिओ दाखवला होता. "आई, ती तूच आहेस ना?" तिनं मलाही पाठवला. गर्दीतून कुणीतरी घेतलेला. रिकामं स्टँड आणि झाडाखाली खुर्चीवर पाठमोरी एक बाई. खांदे पडलेले, पाय जमिनीला नीट टेकलेले नाहीत. आपण असे दिसतो हे मला माहीत नव्हतं. लेक म्हणाली, "आई, तू इकडे ये." मी बघू म्हटलं.

दोन दिवसांनी मी पुन्हा निघाले. बॅग मांडीवर घेऊन बसले. आक्कांच्या गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. आक्का ओट्यावरच बसल्या होत्या. "बाम घिऊन आली व्हय गं?" म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना ढास लागली. मी घाईनं मशीन जोडलं, नव्या मास्कचं पाकीट फोडायला लागले.

"ते ऱ्हाऊ दे. जुना कुठाय?"

"आक्का, तो यांचा आहे. डॉक्टर म्हणतात दुसऱ्याचा वापरू नये."

"दुसऱ्याचा कुठला? माझ्या पाठच्या भावाचा हाये," त्या म्हणाल्या. पुष्कळ समजावलं तेव्हा नवा लावला. जुना मात्र मागून घेतला, आणि वाफ घेताना मांडीवर धरून बसल्या. डोळे मिटलेले. मी त्यांच्याशेजारी बसले. तिथं मला रडू आलं नाही.

"ऱ्हा की चार दिवस," त्या म्हणाल्या. मी दोन राहिले. निघताना त्यांनी रिकाम्या बॅगेत हरभऱ्याचे हिरवे घाटे कोंबून भरून दिले. घरी येऊन सोलायला बसले. एकटीला संपण्यासारखे नव्हते, म्हणून निम्मे पिशवीत घालून औषधाच्या दुकानात नेऊन दिले. "कशाला ताई, तकलीफ केली," दुकानदार म्हणाले. बोलावं असं वाटत होतं, पण दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी परत आले आणि उरलेले घाटे गच्चीवर वाळत घातले.