बाईंनी निवडलेलं कॉलेज

हातावरची खडूची पूड फुंकून टाकायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "घाई नको. पुन्हा वाच." औशाच्या आमच्या शाळेत गणिताच्या बाईंचा एकही तास याशिवाय झाला नसेल. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो, भिंतीपलीकडून मला ते ऐकू यायचं. सहीसाठी कागद पुढे आला तरी बाई हेच पुटपुटायच्या, स्वतःशी.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पावसाने मात्र सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती आणि शाळेत टँकरचं पाणी येत होतं. त्या साली भीमनगरातली सुजाता बारावीला गणितात पहिली आली. वडील रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत. तिला इंजिनिअरिंगला दोन ठिकाणी जागा मिळत होती, नांदेडला आणि पुण्याला. नांदेडचं कॉलेज आपल्याच विद्यापीठाचं, पुण्याचं नाव मोठं.

वडील शिक्षकांच्या खोलीत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. बाई म्हणतील तसं, एवढंच म्हणाले.

बाईंनी पुणे म्हटलं. त्यांना स्वतःला एकदा हैदराबादला एम.एस्सी.साठी जागा मिळाली होती आणि घरच्यांनी लांब पडतं म्हणून पाठवलं नव्हतं. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

सुजाता हळूच म्हणाली, "बाई, नांदेडला माझी आत्या हाय."

"आत्या इंजिनिअरिंग शिकवते का?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, हे सांगायला हवं. मग सुजाताही हसली. फॉर्म तिथेच भरून झाला. एवढ्या घाईत मी बाईंना कधी पाहिलं नव्हतं.

पहिले काही महिने तिची पत्रं आली. सगळं ठीक आहे, पुण्यात नळाला दोन्ही वेळा पाणी असतं, असं लिहायची. बाई ती वर्गात वाचून दाखवत. मग पत्रं थांबली. दिवाळीला ती आली नाही. संक्रांतीनंतर वसतिगृहातून बाईंच्या पत्त्यावर पत्र आलं, की मुलगी वर्गात जात नाही, जेवत नाही, कोणीतरी येऊन घेऊन जा.

बाई त्याच दिवशी एसटीने गेल्या. चौथ्या दिवशी तिला घेऊन परतल्या तेव्हा मी स्टँडवर होतो. पोरगी निम्मी झाली होती. इंग्रजीतलं काही कळत नव्हतं, विचारायची लाज वाटायची, एवढंच तिने बाईंना सांगितलं होतं. वडिलांनी तिच्या हातातली पेटी घेतली.

"तुमी चांगल्यासाठीच केलं, बाई," ते म्हणाले.

शिव्या दिल्या असत्या तर बाईंनी त्या सोसल्या असत्या.

नांदेडला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता. बाई दर रविवारी पुस्तकं घेऊन भीमनगरात जात. सुजाता पाण्याचा तांब्या पुढे करी, शेजारी बसे, पुस्तक मात्र उघडत नसे. उन्हाळ्यात ती वडिलांबरोबर खडी फोडायला जाऊ लागली. वर्षभराने किल्लारीकडे तिचं लग्न झालं.

त्यानंतर कॉलेजचं विचारायला मुली यायच्या, तेव्हा बाई फक्त एवढंच विचारत, "तुला कुठं जायचंय?" आणि मुलगी बोलेपर्यंत थांबत. घंटा झाली तरी थांबत. आम्हाला अवघडल्यासारखं व्हायचं.

निवृत्तीनंतर त्या भोकरला भावाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मी सुजाताला सांगायला गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"मला आणायला आल्या ना पुण्याला," ती म्हणाली, "तवा माझ्या केसांच्या जटा झाल्या व्हत्या. बाईंनी खाली बसून, सगळ्या पोरींसमोर, माझी येणी घातली. लई वेळ लागला. एक शब्द बोलल्या न्हाईत."

मग तिने मला चहा केला.